पोच मिळाली, पण कशाची? : ई-मेल यंत्रणेच्या परीक्षेसाठी संहितेवर चालणारा सर्व्हर

(अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासाठी तयार केलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यालयात येणारा प्रत्येक कागद आवक नोंदवहीत चढतो आणि बाहेर जाणारा प्रत्येक कागद जावक नोंदवहीत. या दोन नोंदवह्यांच्या दरम्यान कागद गहाळ झाला तर जबाबदारी कोणाची, हा प्रश्न कार्यालयीन कामकाजाइतकाच जुना आहे. जावक क्रमांक पडला म्हणजे पत्र पोचले असे नव्हे. पलीकडच्या कार्यालयाचा आवक शिक्का व तारीख असलेली पोच हाती आली म्हणजेच पाठवणाऱ्याचे काम संपते. ही साधी शिस्त पिढ्यान्‌पिढ्या पाळली गेली, म्हणूनच कागदावरचा कारभार विश्वासार्ह राहिला.

आज परिपत्रके, निकाल, सभेच्या सूचना आणि अर्जांची उत्तरे मोठ्या प्रमाणावर ई-मेलने जातात. पत्र पाठवण्याचे काम माणसाऐवजी आज्ञावली, म्हणजेच सॉफ्टवेअर, करते. शेकडो पत्त्यांवर काही मिनिटांत पत्रे रवाना होतात आणि पडद्यावर ‘पाठवले’ असा शब्द उमटतो. हा शब्द जावक क्रमांकासारखा आहे की आवक शिक्क्यासारखा, याचा विचार मात्र क्वचितच होतो. त्याचे उत्तर आज्ञावली कशी लिहिली आहे यावर अवलंबून असते. आणि ती नीट लिहिली आहे किंवा नाही, हे सर्व काही सुरळीत चालले असता कळत नाही. पलीकडची यंत्रणा अडखळली, गप्प बसली किंवा मध्येच निघून गेली, तरच ते कळते. म्हणून ई-मेल पाठवणाऱ्या आज्ञावलीची खरी परीक्षा घ्यावयाची असेल, तर सांगितल्याबरहुकूम अडखळणारा सर्व्हर तयार करावा लागतो. असा सर्व्हर कसा लिहावा आणि त्याच्यापुढे कोणते प्रसंग उभे करावेत, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

संवादाची रीत

संगणकांच्या जाळ्यातून एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावरील व्यक्तीला पत्र पाठवण्याची पद्धत अमेरिकेतील अभियंता रे टॉमलिन्सन यांनी १९७१ साली प्रथम उभी केली. पत्त्यात व्यक्तीचे नाव व यंत्राचे नाव यांच्यामध्ये ‘ॲट’ हे चिन्ह घालण्याची प्रथाही त्यांचीच. पुढे ऑगस्ट १९८२ मध्ये जोनाथन पोस्टेल यांनी आरएफसी ८२१ या दस्तऐवजात टपालाच्या देवाणघेवाणीचे नियम नेमकेपणाने मांडले. ‘सिम्पल मेल ट्रान्स्फर प्रोटोकॉल’ अथवा एसएमटीपी या नावाने ते ओळखले जातात. ऑक्टोबर २००८ मध्ये आरएफसी ५३२१ या दस्तऐवजाने त्यांची सुधारित मांडणी केली. परंतु मूळ रीत बदलली नाही.

ही रीत म्हणजे दोन यंत्रांमधील साधा, वाचता येण्याजोगा संवाद होय. पाठवणारी आज्ञावली जोडणी करते. सर्व्हर ‘२२०’ म्हणून स्वागत करतो. आज्ञावली ‘ईएचएलओ’ म्हणून आपले नाव सांगते. त्यानंतर ‘मेल फ्रॉम’ या आज्ञेने पत्र कोणाकडून आले ते आणि ‘आरसीपीटी टू’ या आज्ञेने ते कोणासाठी आहे ते कळवले जाते. प्रत्येक आज्ञेला सर्व्हर तीन अंकी उत्तर देतो. मग ‘डेटा’ ही आज्ञा येते, सर्व्हर ‘३५४’ म्हणजे ‘मजकूर द्या’ असे सांगतो, आणि मजकुराच्या शेवटी केवळ एक टिंब असलेली ओळ आली की पत्र संपले असे समजले जाते.

उत्तरातील पहिला अंक महत्त्वाचा आहे. २ म्हणजे स्वीकार. ३ म्हणजे पुढचा भाग द्यावा. ४ म्हणजे तूर्त अडचण आहे, नंतर पुन्हा यावे. ५ म्हणजे कायमचा नकार. चांगल्या आज्ञावलीने या चारही उत्तरांना वेगवेगळे वागले पाहिजे. अनेक आज्ञावल्या मात्र २ पलीकडचे उत्तर कधी ऐकलेच नाही अशा रीतीने लिहिलेल्या असतात.

‘२५०’ या उत्तराचे वजन

शेवटच्या टिंबानंतर सर्व्हर ‘२५०’ असे उत्तर देतो, त्या क्षणी पत्राची जबाबदारी बदलते. मानकाचा दंडक असा की, हे उत्तर दिल्यानंतर सर्व्हरने पत्र एक तर पोचवावे किंवा पोचवता येत नसल्यास पाठवणाऱ्यास तसे कळवावे. यंत्र बंद पडले अशा किरकोळ सबबीवर ते गमावू नये. त्यापूर्वीच्या क्षणापर्यंत जबाबदारी पाठवणाऱ्याचीच असते. आवक शिक्क्याचा हाच अर्थ आहे.

या क्षणाला कायद्याच्या दृष्टीनेही महत्त्व आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० याच्या कलम १३ नुसार, दोन्ही पक्षांत वेगळे ठरले नसेल तर, इलेक्ट्रॉनिक अभिलेख पाठवणाऱ्याच्या नियंत्रणाबाहेरील संगणक साधनात प्रवेश करतो तेव्हा तो रवाना झाला असे मानले जाते. आणि स्वीकारणाऱ्याने विशिष्ट संगणक साधन नेमून दिले असल्यास, त्यात तो प्रवेश करतो तेव्हा तो प्राप्त झाला असे मानले जाते. मुदतीच्या आत सूचना गेली किंवा नाही, अशा वादात म्हणूनच यंत्राची नोंद मोलाची ठरते. ‘२५०’ येण्यापूर्वीच ‘पाठवले’ असे लिहून मोकळी होणारी आज्ञावली खोटी जावक नोंद करते, असेच म्हटले पाहिजे.

खरा सर्व्हर परीक्षक का होऊ शकत नाही

परीक्षेसाठी एखाद्या चालू टपाल-सर्व्हरकडेच पत्रे का पाठवू नयेत, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. त्यात तीन अडचणी आहेत. पहिली अशी की, चांगला सर्व्हर हुकमावर बिघडत नाही. नेमक्या तिसऱ्या पत्त्यावर नकार दे, शेवटच्या टिंबानंतर गप्प बस, असे त्याला सहजासहजी सांगता येत नाही. दुसरी अडचण अशी की, परीक्षेतील पत्रे चुकून खऱ्या नागरिकांच्या हाती पडण्याचा धोका असतो. नमुना म्हणून लिहिलेला निकाल खऱ्या पालकाला मिळाला तर केवढा गोंधळ होईल हे सांगावयास नको. तिसरी अडचण म्हणजे तोच प्रसंग दुसऱ्या दिवशी जसाच्या तसा पुन्हा घडवता येत नाही. आणि जी परीक्षा पुन्हा घेता येत नाही, तिच्यावरून दोष दुरुस्त झाला की नाही हे ठरवता येत नाही.

नाटकाच्या तालमीत समोरच्या पात्राने कोठे थांबावे, कोठे चुकावे, कोठे निघून जावे, हे सारे संहितेत लिहिलेले असते. त्यामुळे मुख्य नटाची तयारी पारखता येते. परीक्षक-सर्व्हर हे असे समोरचे पात्र होय. त्याला टपाल पोचवावयाचे नसते. संहितेत लिहिलेली वाक्ये क्रमाने म्हणावयाची, ऐकलेले सर्व टिपून ठेवावयाचे आणि शेवटी आज्ञावली अपेक्षेप्रमाणे वागली किंवा नाही याचा निवाडा द्यावयाचा, एवढेच त्याचे काम.

ही कल्पना नवीन नाही. वीटसे वेनेमा यांनी लिहिलेल्या पोस्टफिक्स या प्रसिद्ध टपाल-सर्व्हरबरोबर ‘एसएमटीपी-सिंक’ नावाची परीक्षेची आज्ञावली मिळते. ती पत्रे स्वीकारून टाकून देते; सांगितल्यास नकार देते, विलंब लावते किंवा जोडणी तोडते. थंडरबर्ड या ई-मेल आज्ञावलीच्या मूळ संकेतातही परीक्षेसाठी लिहिलेले खोटे सर्व्हर समाविष्ट आहेत. तथापि, कल्पना समजून घेण्यासाठी असा एक सर्व्हर स्वतः लिहून पाहणे अधिक उपयुक्त ठरते.

सर्व्हरची बांधणी

पायथनसारख्या भाषेत असा सर्व्हर काही तासांत उभा राहू शकतो. एक गोष्ट लक्षात ठेवावयास हवी. पायथनमध्ये पूर्वी या कामासाठी ‘एसएमटीपीडी’ नावाचा विभाग होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३.१२ या आवृत्तीतून तो काढून टाकण्यात आला. त्यामुळे जुन्या पुस्तकांतील उदाहरणे आता चालत नाहीत. परंतु संहितेवर चालणाऱ्या सर्व्हरला अशा तयार विभागाची गरजही नसते. जोडणी स्वीकारणे, ओळ वाचणे, ओळ लिहिणे आणि थांबणे एवढ्या चार क्रिया पुरतात.

सर्व्हरने केवळ त्याच यंत्राच्या अंतर्गत पत्त्यावर, म्हणजे १२७.०.०.१ वर, कान द्यावेत. म्हणजे बाहेरचे कोणी त्याच्याशी बोलू शकत नाही. टपालाचे नेहमीचे पोर्ट २५ हे आहे. परंतु ते उघडण्यास बहुधा विशेष अधिकार लागतात. म्हणून २५२५ सारखे मोकळे पोर्ट घ्यावे. परीक्षेतील पत्त्यांसाठी ‘टेस्ट’, ‘एक्झाम्पल’ व ‘इनव्हॅलिड’ अशी काही शेवटची नावे जून १९९९ च्या आरएफसी २६०६ ने राखून ठेवली आहेत. तीच वापरावीत, म्हणजे चुकूनही पत्र खऱ्या माणसाकडे जाणार नाही.

संहिता ही साध्या मजकुराची फाइल असावी. सर्व्हरच्या मूळ रचनेत प्रसंग कोंबू नयेत. प्रत्येक प्रसंगाची संहिता वेगळी ठेवावी. आज्ञावली न लिहिणाऱ्या अधिकाऱ्यालाही ती वाचता आली पाहिजे. उदाहरणार्थ :

म्हण : २२० सेवा तयार आहे
ऐक : ईएचएलओ
म्हण : २५० नमस्कार
ऐक : मेल फ्रॉम
म्हण : २५० ठीक
ऐक : आरसीपीटी टू
म्हण : ४५० पेटी सध्या उपलब्ध नाही
ऐक : क्विट
म्हण : २२१ निरोप

‘म्हण’ आणि ‘ऐक’ यांच्या जोडीला ‘थांब’ व ‘तोड’ असे दोन शब्द पुरेसे आहेत. ‘थांब : ९० सेकंद’ म्हणजे तेवढा वेळ गप्प बसावे; ‘तोड’ म्हणजे निरोप न घेता जोडणी बंद करावी. ऐकलेली ओळ अपेक्षेशी जुळली नाही, किंवा संहिता संपण्यापूर्वीच आज्ञावली निघून गेली, तर परीक्षा अनुत्तीर्ण. प्रत्येक परीक्षेला एकूण वेळेची मर्यादा असावी. नाही तर एकमेकांची वाट पाहत दोन्ही यंत्रे बसून राहतील.

येथे नवशिक्यांकडून हमखास होणारी एक गफलत आहे. जाळ्यातून येणारा मजकूर ओळीओळीने येत नाही. तो पाण्याच्या धारेसारखा येतो. एका वेळी अर्धी ओळ येईल, तर कधी तीन ओळी एकदम येतील. सर्व्हरने मजकूर साठवत जावे आणि ओळीच्या शेवटच्या दोन खुणा मिळाल्यावरच ती ओळ पूर्ण मानावी. टंकलेखन यंत्राच्या काळातील नावांनी त्यांना ‘कॅरेज रिटर्न’ व ‘लाइन फीड’ म्हणतात. हीच बाब उलट बाजूने परीक्षेसाठी वापरता येते. सर्व्हरने ‘२५०’ हे उत्तर मुद्दाम दोन तुकड्यांत पाठवावे : आधी ‘२५’ आणि क्षणभर थांबून ‘०’. कच्ची आज्ञावली ‘२५’ वाचूनच गोंधळते.

कसोटीचे प्रसंग

पहिला प्रसंग तात्पुरत्या नकाराचा. अनोळखी ठिकाणाहून आलेल्या पत्राला पहिल्या वेळी मुद्दाम ४ ने सुरू होणारे उत्तर देण्याची प्रथा काही सर्व्हरांमध्ये आहे. अनाहूत जाहिरातींना आळा घालणे हा तिचा हेतू. प्रामाणिक पाठवणारा पुन्हा येतो, हे तिचे गृहीतक. मानकानुसार दोन प्रयत्नांत किमान ३० मिनिटांचे अंतर असावे आणि साधारण ४ ते ५ दिवस प्रयत्न सोडू नये. सर्व्हरने पहिल्या जोडणीत ४५० व दुसऱ्या जोडणीत २५० द्यावे आणि मधला वेळ नोंदवावा. परीक्षेत अर्धा तास वाट पाहणे परवडत नाही. म्हणून आज्ञावलीतील हे अंतर बाहेरून ठरवता येईल अशी सोय मागून घ्यावी. पहिल्याच अडचणीला ‘पत्ता चुकीचा’ असे ठरवून नाव यादीतून वगळणारी आज्ञावली एखाद्या नागरिकाला कायमचे सूचनेपासून वंचित ठेवते.

दुसरा प्रसंग अंशतः नकाराचा. एकाच पत्राचे तीन मानकरी आहेत. सर्व्हरने पहिल्याला २५०, दुसऱ्याला ५५० व तिसऱ्याला २५० द्यावे. योग्य वर्तन असे की, पत्र दोघांना जावे आणि दुसरे नाव नकाराच्या कारणासह नोंदले जावे. व्यवहारात दोन प्रकारचे दोष आढळतात : एका नकारामुळे तिघांचेही पत्र अडते, किंवा तिघांनाही पोचल्याची नोंद होते. यांपैकी दुसरा दोष अधिक घातक. कारण तो दिसत नाही.

तिसरा प्रसंग टिंबाचा. केवळ टिंब असलेली ओळ म्हणजे पत्राचा शेवट. मग मजकुरातील एखादी ओळच टिंबाने सुरू झाली तर काय करावे? नियम असा आहे की, पाठवणाऱ्याने अशा ओळीपूर्वी आणखी एक टिंब जोडावे आणि स्वीकारणाऱ्याने ओळीचे पहिले टिंब काढून टाकावे. आता ‘.५ हेक्टर’ अशी ओळ असलेले पत्र घ्यावे. मजकूर बेस-६४ सारख्या पद्धतीने गुंडाळलेला नसेल आणि आज्ञावली जादा टिंब जोडण्यास विसरली, तर पलीकडे ‘५ हेक्टर’ असे वाचले जाते. अर्ध्या हेक्टरचे पाच हेक्टर होतात आणि कोठेही चूक झाल्याची नोंद राहत नाही. परीक्षक-सर्व्हरने म्हणूनच आलेला मजकूर मूळ रूपात, एकही बाइट न बदलता, जपून ठेवावा आणि टिंब काढलेली प्रत वेगळी करावी.

चौथा प्रसंग सर्वांत नाजूक आहे. पत्र पूर्ण गेले, शेवटचे टिंब गेले, पण ‘२५०’ येत नाही. सर्व्हर पत्र तपासण्यात गुंतला असेल, किंवा त्याने ते स्वीकारलेही असेल आणि उत्तर वाटेत हरवले असेल. पाठवणाऱ्याला हे कळण्यास मार्ग नाही. फेब्रुवारी १९८८ मध्ये क्रेग पार्ट्रिज यांनी आरएफसी १०४७ मध्ये हाच प्रश्न मांडला : उतावळी आज्ञावली जोडणी तोडते, पत्र पुन्हा पाठवते आणि पलीकडे एकाच पत्राच्या दोन किंवा अधिक प्रती जमा होतात. म्हणून शेवटच्या टिंबानंतर १० मिनिटे वाट पाहण्याची सूचना मानकात आहे. परीक्षेसाठी दोन संहिता कराव्यात. एकीत शेवटच्या टिंबानंतर ‘थांब’ आणि मग २५०. दुसरीत शेवटच्या टिंबानंतर थेट ‘तोड’. पहिलीत आज्ञावलीने संयम राखावा. दुसरीत तिने पत्र रांगेत परत ठेवावे आणि पुढील प्रयत्नात त्या पत्राचा ओळख-क्रमांक तोच राखावा. म्हणजे स्वीकारणाऱ्याला दुसरी प्रत ओळखता येते. दुहेरी पत्राचा धोका पूर्णपणे टाळता येत नाही. परंतु पत्र हरवण्यापेक्षा ते दोनदा पोचणे बरे, हा या सर्व नियमांमागील विचार आहे.

पाचवा प्रसंग गुप्ततेचा. अनेक ठिकाणी संवाद उघड सुरू होतो आणि ‘स्टार्टटीएलएस’ या आज्ञेनंतर मोहोरबंद होतो. ही सोय आहे असे सर्व्हरने जाहीरच केले नाही तर आज्ञावली काय करते? गुप्त जोडणी सक्तीची केलेली असतानाही ती परवलीचा शब्द उघडपणे सांगून टाकते काय? वाटेत बसलेला लबाड इसम ही घोषणा पुसून टाकू शकतो. म्हणून हा प्रश्न काल्पनिक नाही. जर्मनीतील संशोधकांनी २०२१ साली यूझनिक्स सुरक्षा परिषदेत मांडलेल्या अभ्यासात २८ ई-मेल आज्ञावल्या व २३ सर्व्हर तपासले आणि या एका आज्ञेच्या संदर्भात ४० हून अधिक दोष नोंदवले. त्यासाठी त्यांनी परीक्षेची खास साधने तयार केली होती. त्यांत पढवल्याप्रमाणे वागणारा खोटा टपाल-सर्व्हरही होता.

देवनागरीची कसोटी

मराठी मजकुराच्या बाबतीत आणखी काळजी घ्यावी लागते. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीतील प्रत्येक चिन्ह, म्हणजे व्यंजन, मात्रा व हलन्त ही सर्व स्वतंत्रपणे मोजून, तीन बाइट जागा घेते. पत्राच्या विषयाची ओळ देवनागरीत असेल तर ती संकेतबद्ध तुकड्यांत पाठवतात आणि नोव्हेंबर १९९६ च्या आरएफसी २०४७ नुसार असा एक तुकडा ७५ अक्षरांहून लांब असू नये. संकेताची सजावट वगळता बेस-६४ पद्धतीत एका तुकड्यात ४५ बाइट मावतात. म्हणजे देवनागरीची १५ चिन्हे.

आता ‘ग्रामसभेची सूचना’ हा विषय घ्यावा. त्यात देवनागरीची १५ चिन्हे आणि मध्ये एक मोकळी जागा आहे : एकूण ४६ बाइट. एका बाइटसाठी दुसरा तुकडा करावा लागतो. एकाही चिन्हाचे दोन तुकड्यांत विभाजन होऊ नये असा नियम आहे. परंतु केवळ बाइट मोजून कापणारी आज्ञावली शेवटचा काना मधोमध तोडते आणि वाचणाऱ्याला ‘सूचना’ या शब्दाच्या शेवटी चौकोन किंवा प्रश्नचिन्हे दिसण्याचा संभव असतो. इंग्रजी विषय देऊन घेतलेल्या शंभर परीक्षांत हा दोष एकदाही सापडणार नाही. तो पकडण्यासाठी संहितेत मराठीच विषय हवा आणि सर्व्हरने प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे उलगडून पाहावयास हवा.

मजकुराची एक ओळ, शेवटच्या दोन खुणा वगळून, ९९८ बाइटपर्यंतच असू शकते. मराठीतील पन्नास-साठ शब्दांचा सलग परिच्छेद तसाच पाठवला, तर ही मर्यादा सहज ओलांडली जाते. पत्त्यांचेही असेच आहे. फेब्रुवारी २०१२ च्या आरएफसी ६५३१ ने देवनागरीसारख्या लिप्यांतील पत्त्यांचा मार्ग खुला केला आणि ‘.भारत’ हे देवनागरी नाव ऑगस्ट २०१४ मध्ये नोंदणीसाठी उपलब्ध झाले. परंतु पत्त्याच्या पहिल्या भागाला ६४ बाइटची मर्यादा आहे. म्हणजे देवनागरीची २१ चिन्हे. शिवाय पलीकडच्या सर्व्हरने ‘एसएमटीपीयूटीएफ-८’ ही सोय जाहीर केली असेल तरच असा पत्ता त्याला सांगता येतो. सोय जाहीर न करणारी संहिता लिहून पाहावी. आज्ञावलीने अशा वेळी पत्ता मोडूनतोडून पाठवू नये. पाठवणाऱ्याला समजेल अशा शब्दांत पत्र परत करावे.

परीक्षकाच्या मर्यादा

संहितेवर चालणारा सर्व्हर सर्वज्ञ नसतो. आज्ञावली लिहिणाऱ्यानेच संहिताही लिहिली, तर त्याचा गैरसमज दोन्हीकडे सारखाच उतरतो आणि परीक्षा उत्तीर्ण होते. म्हणून संहिता दुसऱ्या व्यक्तीने, मूळ मानक समोर ठेवून लिहावी. आणि अखेरची परीक्षा बाहेरच्या जाळ्यापासून तोडलेल्या खऱ्या सर्व्हरवर घ्यावी.

त्याचप्रमाणे परीक्षकाने उदार असू नये. ओळीच्या शेवटी दोनऐवजी एकच खूण आली तरी चालवून घेणारा सर्व्हर सोयीचा वाटतो. परंतु डिसेंबर २०२३ मध्ये टिमो लाँगिन या संशोधकाने दाखवून दिले की, पत्राचा शेवट कोठे होतो याविषयी वेगवेगळ्या सर्व्हरांनी घेतलेल्या अशाच सवलतींमुळे एका पत्राच्या पोटात दुसरे खोटे पत्र दडवून पाठवता येत होते, तेही दुसऱ्याच्या नावाने. जे प्रत्यक्षात चालवून घेऊ नये, ते परीक्षेतही चालवून घेता कामा नये.

कोणी काय करावे

या विषयात प्रत्येकाला वाटा उचलता येण्याजोगा आहे. कार्यालयासाठी ई-मेल पाठवणारी आज्ञावली विकत घेताना किंवा करून घेताना अधिकाऱ्यांनी केवळ प्रात्यक्षिकावर समाधान मानू नये. तात्पुरता नकार, अंशतः नकार, शेवटच्या क्षणी तुटलेली जोडणी, टिंबाने सुरू होणारी ओळ, गुप्ततेची सोय नसलेला सर्व्हर आणि मराठी विषय या सहा प्रसंगांच्या संहिता व त्यांचे निकाल स्वीकृतीच्या अटींत समाविष्ट करावेत. संहिता साध्या भाषेत असल्याने त्या वाचण्यास तज्ज्ञ असण्याची आवश्यकता नाही.

संगणकशास्त्र शिकवणाऱ्या शिक्षकांना हा उत्तम प्रकल्प आहे. एका यंत्रावर, इंटरनेटच्या जोडणीविना, कोणताही खर्च न करता विद्यार्थ्यांना तो करता येतो. एका गटाने पाठवणारी आज्ञावली लिहावी, दुसऱ्याने संहिता. मग भूमिका बदलाव्यात. यंत्रांचा संवाद अक्षरशः वाचता येत असल्यामुळे इंटरनेट ही काही अगम्य जादू नसून ठरलेल्या नियमांनी चालणारी व्यवस्था आहे, हे त्यांच्या सहज ध्यानात येते.

पंचायत सदस्यांनी एकच प्रश्न विचारण्याची सवय ठेवावी. ‘सर्वांना ई-मेल गेले’ असे सांगण्यात आले, तर किती पत्त्यांवर २५० मिळाले, किती अजून रांगेत आहेत आणि कोणाला कायमचा नकार आला, ही यादी मागावी. ज्याच्या नावापुढे नकार आहे त्याच्या घरी कागदावर सूचना पोचवता येते. जी आज्ञावली अशी यादी देऊ शकत नाही, तिने पत्रे पाठवली एवढेच म्हणता येते. ती पोचवली असे म्हणता येत नाही.